नट किती आवळावा?

मोटार ही वस्तू आपल्याकडील मध्यमवर्गीय घरात प्रथम कौतुकाची म्हणून आली आणि मागाहून गरजेची झाली. एके काळी साऱ्या गल्लीत एखाद्या डॉक्टरांची वा वकिलांची गाडी असे. तिचा मिस्त्री ठरलेला असे आणि मालकाने तिच्या बॉनेटखाली हात घालणे काहीसे कमीपणाचेही मानले जाई. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत हे चित्र पार पालटले. आता टिळकवाडीच्या वा शहापूरच्या एखाद्या रस्त्याने रविवारी सकाळी फेरी मारावी, तर घरापुढे उभ्या असलेल्या गाडीभोवती कोणी मुलगा, क्वचित मुलगीही, पान्यांची पेटी उघडून बसलेली दिसते. चाकांची अदलाबदल करावी, बॅटरीची टोके साफ करावीत, प्लग काढून पाहावेत, ऑइल बदलावे, इतपत कामे घरच्या घरी होऊ लागली आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. ज्या गावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान थाटले आणि ज्याच्या उद्यमबागेत आजही लोखंडाचे ओतकाम व कातकाम चालते, त्या बेळगावच्या मुलांना पान्याचे वावडे असू नये.

मात्र या साऱ्या कामांचा शेवट एकाच क्रियेत होतो. जे उघडले ते पुन्हा बसवावयाचे आणि त्याचे नट-बोल्ट आवळावयाचे. ही क्रिया इतकी साधी वाटते की, तिच्याविषयी कोणी काही विचारीत नाही आणि कोणी काही सांगतही नाही. "किती आवळू?" असा प्रश्न कोणी विचारलाच, तर "चांगला घट्ट कर" एवढेच उत्तर मिळते. हे "चांगला घट्ट" म्हणजे नेमके किती? सडपातळ मुलाचे घट्ट आणि तालमीत जाणाऱ्या मुलाचे घट्ट यांत दुपटी-तिपटीचा फरक पडतो. एकाच्या हातून नट सैल राहतो, दुसऱ्याच्या हातून आटे जातात. यांतील पहिल्या चुकीचे परिणाम भोगावे लागतात ते घाटरस्त्यावर, आणि ते एकट्या चालवणाऱ्याला नव्हे, तर गाडीत बसलेल्या साऱ्या कुटुंबाला. म्हणून या साध्या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे अगत्याचे आहे.

बोल्ट धरतो कशाने?

सर्वसाधारण समजूत अशी की, बोल्ट म्हणजे एक मोठा खिळा. तो दोन भागांच्या आरपार जातो आणि त्यांना सरकू देत नाही. वस्तुतः बोल्टचे काम निराळे आहे. नट फिरवून आवळू लागलो की, बोल्ट लांबीच्या दिशेने ताणला जातो. पोलाद आपल्या डोळ्यांना ताठ दिसत असले तरी ते रबरासारखेच, पण अत्यंत अल्प प्रमाणात, ताणले जाते आणि पूर्वस्थितीला येऊ पाहते. ही जी परत आखडण्याची ओढ, तीच दोन भागांना एकमेकांवर दाबून धरते. आवळलेला बोल्ट म्हणजे एक ताठ स्प्रिंग होय.

चाकाचेच उदाहरण घेऊ. चाक हबवरील स्टडांवर टांगलेले असते आणि गाडीचे वजन ते स्टड पेलतात, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात नटांच्या दाबामुळे चाकाची आतली सपाट बाजू हबला इतकी घट्ट चिकटते की, त्या दोन पृष्ठांमधील घर्षणच चाकाला धरून ठेवते. १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडवरील नट १०० न्यूटन-मीटरच्या पिळाने आवळला, तर तो सुमारे सव्वाचार टनांच्या बळाने चाक दाबतो. एका लहान मोटारीचे वजन आठशे किलोच्या आसपास धरले, तर पाच मोटारी एकावर एक ठेवाव्यात एवढा हा दाब झाला. आणि हा एका नटाचा! हे घडत असताना तो पोलादी स्टड लांबतो किती? सुमारे ०.०६ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतका. आपली सारी सुरक्षितता या केसभर ताणावर उभी असते.

ताण कमी पडला तर काय होते, हेही यावरून उमगते. दाब अपुरा असला की चाक हबवर किंचित सरकू लागते आणि प्रत्येक फेऱ्याला स्टडवर आघात करते. लहान गाडीचे चाक एका किलोमीटरात पावणेसहाशेच्या घरात फेरे घेते. शंभर किलोमीटरांच्या प्रवासात ते सत्तावन्न हजार वेळा फिरते. इतक्या आघातांनी उत्तम पोलादही थकते, त्याला सूक्ष्म तडा जातो आणि एके क्षणी ते तुटते. नीट ताणलेल्या बोल्टवर मात्र रस्त्याच्या धक्क्यांचा अगदी थोडा अंश पोचतो. बाकीचा दाबून बसलेले भागच परस्पर सोसतात. बोल्ट तुटलेला पाहिला की "जास्त आवळला असेल" असे आपण म्हणतो. कित्येकदा तो कमी आवळल्यामुळेच तुटलेला असतो.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच वाईट. पोलाद एका मर्यादेपर्यंतच स्प्रिंगसारखे वागते. ती मर्यादा ओलांडली की ते कायमचे लांबते आणि मग तेथे विश्वासार्ह ताण उरत नाही. पुढे आवळत गेल्यास पाना अचानक मऊ लागू लागतो. हा "आला आता जाग्यावर" असा संकेत नसून बोल्ट निकामी होत असल्याची सूचना आहे. अशा वेळी थांबावे आणि नवा बोल्ट आणावा.

पिळाचा हिशेब

नट फिरविण्यासाठी जे बळ लागते, त्याला अभियंते टॉर्क म्हणतात. आपण त्याला पिळाचे बळ म्हणू. त्याचा हिशेब शाळेतील तरफेच्या धड्याहून कठीण नाही. पान्याच्या टोकाला लावलेला जोर गुणिले टोकापासून नटाच्या मध्यापर्यंतचे अंतर, एवढाच तो हिशेब. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी २० किलोचा जोर लावला, तर १० किलोग्रॅम-मीटर, म्हणजेच सुमारे ९८ न्यूटन-मीटर पीळ मिळतो. लहान मोटारींच्या चाकांच्या नटांना बहुधा ८० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यानचा आकडा दिलेला असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत पाहावा.

आता गाडीबरोबर मिळणारा चाकाचा पाना पाहा. तो पाव मीटर लांबीचा असला, तर शंभर न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकाशी ४० किलोचा जोर हवा. नुसत्या मनगटाने तेवढा लागत नाही, म्हणून लोक त्यावर पाय देऊन उभे राहतात. साठ किलोचा माणूस पूर्ण भाराने उभा राहिला, तर पीळ जवळजवळ दीडशे न्यूटन-मीटरवर जातो. आणि त्याच माणसाने पान्याला मीटरभर लांबीचा पाइप जोडून त्यावर भार टाकला, तर तो सहाशेच्या आसपास पोचतो! पाइप लावून "पक्का" केलेला नट पक्का झालेला नसतो. त्याचा स्टड आतून फाटण्याच्या बेतात आलेला असतो.

लहान बोल्टांच्या बाबतीत धोका उलट दिशेचा. ८.८ दर्जाच्या कोरड्या बोल्टसाठी सर्वसाधारण आकडे असे आहेत: ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर, ८ मिलिमीटरला २५, १० मिलिमीटरला ५० आणि १२ मिलिमीटरला ८५. जाडी दुप्पट झाली की पीळ आठपटींच्या घरात जातो, हे यावरून दिसेल. म्हणजेच मोठ्या नटावर सरावलेला हात लहान बोल्टवर फार जड पडतो. येथे बोल्टची जाडी आणि पान्याचा नंबर यांत गल्लत करू नये. दहा-अकराच्या पान्याची दहाची बाजू ज्या बोल्टला बसते, त्याच्या आट्यांची जाडी बहुधा ६ मिलिमीटरच असते. पाने बनविणाऱ्यांनी ही गोष्ट जाणूनच लहान नंबराचा पाना आखूड आणि मोठ्या नंबराचा लांब ठेवला आहे. लहान पाना दोन-तीन बोटांनी धरावा, मुठीने नव्हे, हा जुन्या मिस्त्रींचा धडा याच हिशेबातून आलेला आहे.

जुन्या पेटीतील वारसा

पुष्कळ घरांत वडिलांच्या वा आजोबांच्या वेळची पान्यांची पेटी असते. अँबॅसडर ही मूळच्या ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून उतरलेली गाडी; तिला इंची पाने लागत. फियाटच्या वंशातील प्रीमियर पद्मिनीला मिलिमीटरचे. परिणामी पेटीत दोन्ही प्रकार एकत्र नांदत असतात. अर्ध्या इंचाचे डोके १२.७ मिलिमीटरचे असते. त्यावर १३ चा पाना चढतो खरा, पण थोडा खुळखुळतो आणि जोर लावताच डोक्याचे कोपरे गोल करून टाकतो. पाना बसल्यावर हलत असेल तर तो त्या नटाचा नव्हे, असे निश्चित समजावे. घट्ट नटासाठी उघड्या तोंडाच्या पान्यापेक्षा रिंग पाना केव्हाही श्रेयस्कर. तो सर्व कोपऱ्यांवर जोर वाटून देतो.

आट्यांच्या जातीही निरनिराळ्या आहेत. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे पहिले सर्वमान्य प्रमाण सुचविले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा कोन पुरस्कारिला, आणि आजचे मिलिमीटरचे आटेही ६० अंशांचेच आहेत. जवळपास सारखे दिसणारे दोन आटे एकमेकांत पहिले दोन फेरे जातात आणि मग अडतात. अशा वेळी पान्याने जोर करणारा मनुष्य दोन्हींचा नाश करतो. म्हणून कोणताही नट वा बोल्ट पहिले काही फेरे केवळ बोटांनीच फिरवावा. बोटांनी जात नसेल तर काढावा, साफ करावा, पुन्हा लावून पाहावा.

घर्षणाची वाटणी

आपण लावलेल्या पिळापैकी किती भाग बोल्ट ताणण्याच्या कामी येतो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. ढोबळ मानाने निम्मा पीळ नटाच्या वा डोक्याच्या तळाशी होणाऱ्या घर्षणात जातो, सुमारे चाळीस टक्के आट्यांमधील घर्षणात, आणि उरलेला अवघा दहा टक्के बोल्ट ताणतो. यामुळे घर्षणातील थोडासा बदलही ताणात मोठा फरक घडवून आणतो.

आटे गंजलेले, चिखलाने भरलेले असतील, तर पाना पुरेसा जड लागतो आणि प्रत्यक्षात ताण मात्र अपुरा राहतो. आपल्याकडील पावसाळ्यानंतर आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत राहून आलेल्या गाडीत हे विशेष संभवते. उलट, चाकाच्या स्टडला "पुढच्या वेळी सहज निघावे" म्हणून ऑइल वा ग्रीस लावले, तर त्याच पिळाला ताण तिसऱ्या हिश्शाने, कधी त्याहूनही अधिक वाढतो. पुस्तिकेतील आकडे, तसे स्पष्ट सांगितलेले नसेल तर, स्वच्छ आणि कोरड्या आट्यांसाठी असतात. म्हणून तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत, कोरड्या फडक्याने पुसावेत आणि चाकाच्या स्टडला तेल लावण्याचा मोह आवरावा.

जाम झालेला नट सोडविताना मात्र तेलाचा उपयोग जरूर करावा. गंज सोडविणारे पातळ तेल टाकून अर्धा-एक तास थांबावे, नट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा आणि मग उलटा फिरवावा. नट निघाल्यावर ते तेल पुसून काढावयास विसरू नये.

थरथरीने नट का सुटतो?

आवळलेला नट आपोआप कसा सुटतो, हे कोडे पुष्कळ काळ नीट उलगडलेले नव्हते. गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगांनी दाखवून दिले की, बोल्टच्या लांबीला आडव्या दिशेने होणारी थरथर ही सर्वांत घातक होय. जोडलेले भाग आडवे सरकू लागले की आट्यांतील घर्षण क्षणभर निष्प्रभ होते आणि नट कणाकणाने उलटा फिरतो. यावर खरा उपाय म्हणजे भाग सरकणारच नाहीत एवढा ताण मुळात देणे. स्प्रिंग वायसरवर आपल्याकडे फार भिस्त ठेवली जाते. पण अपुरा ताण असलेल्या जागी ते वायसर फारसे वाचवू शकत नाही. नायलॉनची कडी असलेला नट, स्प्लिट पिन किंवा आट्यांना लावावयाचे चिकट द्रव यांचा उपयोग जेथे कंपनीने केला आहे तेथे तो तसाच करावा. स्प्लिट पिन आणि नायलॉनचा नट एकदा काढल्यावर नवाच घालावा.

आपल्या लोंढा-बेळगाव-मिरज मार्गावर खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रुळांच्या कडेने चालणारा रेल्वेचा की-मन आपण पाहिला असेल. आपल्या वाट्याचा मार्ग पायी तपासावयाचा, ढिली झालेली चावी ठोकावयाची, सैल नट आवळावयाचा, हे त्याचे नित्याचे काम. ते काम किती मोलाचे आहे, हे १० मे २००२ रोजी इंग्लंडातील पॉटर्स बार येथे दिसून आले. तेथे रुळांच्या सांध्यातील दांड्यांचे नट सुटलेले होते. त्यावरून जाणारी गाडी घसरली आणि सात माणसे प्राणांस मुकली. आवळणे जितके महत्त्वाचे, तितकेच पुन्हा पाहणे.

चाक बसविताना

घरच्या कामांत सर्वाधिक वेळा उघडले जाणारे नट चाकाचे, म्हणून त्याचा क्रम तपशिलाने सांगतो. गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करावी. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि कर्णाच्या समोरील चाकाला दगड वा लाकडाची पाचर लावावी. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करावा. गाडी उचलल्यावर जोर करू लागल्यास ती जॅकवरून सरकण्याची भीती असते. मग पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच जॅक लावावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालू नये. या नियमाला अपवाद नाही.

चाक काढल्यावर हबचे सपाट पृष्ठ आणि चाकाची आतली बाजू पुसून घ्यावी. त्यामध्ये गंजाचा पापुद्रा किंवा चिखल राहिला, तर आवळताना पाना घट्ट लागतो. पण पन्नास किलोमीटर गेल्यावर तो थर चुरून जातो आणि ताण नाहीसा होतो. नटाला निमुळती बाजू असेल तर ती चाकाकडे यावी, म्हणजे चाक मधोमध बसते. पोलादी चाकांऐवजी अ‍ॅलॉयची चाके घेतली असतील, तर त्यांना कोणते नट चालतात हे विचारून घ्यावे. बैठकीचा आकार निराळा असू शकतो.

सारे नट आधी बोटांनी लावावेत, मग पान्याने हलकेच टेकवावेत. क्रम गोलाकार नसावा. चार नट असतील तर समोरासमोरचे, पाच असतील तर एक सोडून एक, अशा चांदणीच्या क्रमाने जावे. एकाच बाजूचे नट आधी पूर्ण आवळले, तर चाक तिरके बसते आणि ब्रेकच्या चकतीवर असमान ताण येतो. गाडी खाली उतरवून चाक जमिनीला टेकले की, त्याच क्रमाने प्रथम निम्म्या आणि मग पूर्ण पिळाने नट आवळावेत. आणि सर्वांत अधिक विसरली जाणारी गोष्ट: पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर गाडी थांबवून, चाके थंड असताना, नट पुन्हा तपासावेत.

टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट बसविले जातात. त्या यंत्राचा दोष नाही. पण ते किती पीळ देत आहे, हे घाईच्या वेळी कोणी पाहत नाही. याचा त्रास कळतो तो अनमोडच्या वा चोर्ल्याच्या घाटात, पावसात चाक बदलण्याची वेळ आली असता. गाडीत असलेल्या बहिणीला वा वयस्कर वडिलांना तो नट हलवताही येत नाही. म्हणून दुकानदाराला नम्रपणे सांगावे की, गनने केवळ टेकवा आणि शेवटचा पीळ हातपान्याने द्या. हे सांगण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

चेंबर, प्लग आणि बॅटरी

ऑइल बदलताना चेंबरचा ड्रेन बोल्ट हा सर्वांत घातकी. तो मोठा दिसतो, म्हणून हात आपोआप जड पडतो. पण त्याला बहुधा २५ ते ४० न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो. वीस सेंटिमीटरच्या पान्याला पंधरा किलोचा जोर दिला की तीस न्यूटन-मीटर होतात. पुष्कळ गाड्यांचे चेंबर अ‍ॅल्युमिनिअमचे असते आणि पोलादी बोल्टपुढे त्याचे आटे दुबळे ठरतात. ऑइल गळू नये हे काम ताकदीचे नसून वायसरचे आहे. ते वायसर चेपून बसण्यासाठीच बनविलेले असते. म्हणून दर वेळी नवे घालावे. जुने वायसर ठेवून अधिक जोराने आवळणे ही काटकसर फार महाग पडते.

प्लगची गोष्टही अशीच. इंजिन पूर्ण थंड असताना ते काढावेत. बसविताना प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवावा आणि ती नळी बोटांनी फिरवून प्लग आत घालावा. आटा तिरका लागला तर नळीच घसरते आणि हेडचे आटे वाचतात. वायसर असलेला नवा प्लग बोटांनी टेकल्यानंतर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे. वायसर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला तर फेऱ्याचा सोळावा भागच पुष्कळ होतो.

बॅटरीची टोके शिशाची, म्हणजे मऊ धातूची असतात. क्लँप हाताने फिरत नाही इतका आवळला की काम झाले. येथे क्रमाला महत्त्व आहे: काढताना ऋण टोक आधी, लावताना ऋण टोक शेवटी. धन टोकावर काम करताना पाना गाडीच्या सांगाड्याला टेकला, तरी मग ठिणगी उडत नाही.

मापाचा पाना

एवढे वाचल्यावर कोणीही विचारील की, घरी बसून न्यूटन-मीटर मोजावयाचे कसे? त्यासाठी टॉर्क पाना नावाचे साधन आहे. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉन्राड बार यांना १९१८ मधील त्याच्या शोधाचे श्रेय दिले जाते. जमिनीखालील नळांच्या जोडांचे बोल्ट कामगारांकडून वाजवीपेक्षा अधिक आवळले जात. ते टाळण्यासाठी हे साधन निघाले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही अडचण हीच होती. साधा टॉर्क पाना आज एका नव्या टायरच्या किमतीत मिळतो आणि नीट सांभाळल्यास पुष्कळ वर्षे टिकतो. दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून एक घेतला तरी भागते.

त्याच्या मुठीवर हवा तो आकडा लावावयाचा आणि सावकाश, एकसारख्या ओढीने फिरवावयाचे. पीळ पुरा झाला की "खट्" असा आवाज येतो, तेथेच थांबावे. खात्रीसाठी आणखी दोन-तीनदा खटखट करू नये, प्रत्येक वेळी नट थोडा पुढे सरकतो. मूठ जेथे आहे तेथेच धरावी, त्याला पाइप जोडू नये आणि नट सोडविण्यासाठी तो कदापि वापरू नये. काम झाले की आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून पेटीत ठेवावा, म्हणजे आतली स्प्रिंग दमत नाही.

एकक मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. जुन्या पुस्तिकांत फूट-पौंड वा किलोग्रॅम-मीटर आढळतात. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर आणि एक फूट-पौंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. पुस्तिकेत ८५ न्यूटन-मीटर सांगितले असता पाना ८५ फूट-पौंडांवर लावला, तर प्रत्यक्षात ११५ न्यूटन-मीटर पीळ पडतो.

बोल्टच्या डोक्यावरचे आकडे

मापाने आवळूनही बोल्टच चुकीचा असेल तर उपयोग नाही. डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ओढीने बोल्ट तुटेल हे मिळते. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांशांवर तो कायमचा लांबू लागेल. ८.८ चा बोल्ट ८०० वर तुटतो आणि ६४० वर लांबू लागतो. हरवलेल्या बोल्टच्या जागी डब्यातला "तसाच दिसणारा" घालण्याची सवय आपल्याकडे फार आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकापुढील काच उंच आकाशात निखळली आणि वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि विमान साउदॅम्प्टनला सुखरूप उतरविले. ती काच आदल्याच दिवशी बदललेली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ जाडीला जेमतेम पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरकाने बारीक होते आणि सहा आखूड. नवे बोल्ट जुन्याशी नजरेने ताडून निवडले गेले होते. नजरेला न दिसणारा फरक हवेच्या दाबाला बरोबर सापडला.

कोठे थांबावे

घरी काम करणाऱ्याने आपली सीमा ओळखणे हेही कौशल्यच आहे. चाके, ऑइल, प्लग, बॅटरी, एअर फिल्टर, दिवे ही कामे मापाने आणि धीराने अवश्य करावीत. ब्रेकचे कॅलिपर, स्टिअरिंगचे सांधे, सस्पेन्शन आणि इंजिनचे हेड यांना मात्र शिकलेल्या हाताविना स्पर्श करू नये. अनेक आधुनिक इंजिनांतील हेडचे बोल्ट मुद्दाम कायमचे लांबेपर्यंत ताणलेले असतात. ते दुसऱ्यांदा वापरताच येत नाहीत. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी जाड तारांच्या वाटेला तर कोणीच जाऊ नये.

प्रत्येक काम संपल्यावर उघडलेल्या नटांची संख्या आणि आवळलेल्या नटांची संख्या जुळवून पाहावी. आवळून झालेल्या नटावर रंगाची एक बारीक रेघ नट आणि तळ यांवरून सरळ ओढून ठेवावी. नट किंचितही फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. परदेशांतील बसगाड्यांच्या चाकांवर याच कामासाठी पिवळे बाण बसविलेले असतात. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दरवाजाच्या जागेचा भाग उडून गेला, तेव्हा तेथे मुळात चार बोल्ट बसविलेलेच नव्हते, असे चौकशीत निष्पन्न झाले. मोठमोठ्या कारखान्यांत जे राहून जाते ते घराच्या अंगणातही राहू शकते.

चतुर्थीला वा मे महिन्याच्या सुटीत कुटुंबासह कोकणात, गोव्यात उतरण्यापूर्वी आपण डिकीत डबे नीट लावतो, मुलांच्या औषधांची पिशवी तपासतो, पेट्रोल भरतो. त्यात दहा मिनिटांची भर घालावी. सोळा-वीस नटांवरून मापाचा पाना एकदा फिरवून घ्यावा, स्टेपनीतील हवाही पाहून घ्यावी. आणि हे काम घरातील सर्वांत धाकट्या, पाना धरू शकणाऱ्या हाताकडून, शेजारी उभे राहून करवून घ्यावे. किती आवळावा हे एकदा हाताला कळले की ते जन्मभर विसरत नाही.